चित्र भिडतं तेव्हा मेंदूत काय घडतं, आणि ती आवड कितपत आपली असते?

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं: एडवर्ड वेसल या मेंदूशास्त्रज्ञांच्या संशोधनाबद्दल तुमच्या वाचनात आलं. एखादं चित्र मनाला फार भिडलं की मेंदूतलं एक ठरावीक जाळं सक्रिय होतं, असा त्यांचा निष्कर्ष तुम्ही वाचलात. त्यावरून तुमच्या मनात तीन शंका आल्या. सौंदर्याची मेंदूत काही ठरलेली जागा आहे का? असेल, तर मग सगळ्यांना एकच चित्र सुंदर का वाटत नाही? आणि उद्या एखादा संगणक तुमची आवड तुमच्याआधी सांगू शकेल का?

दृश्य-आकलनाचे, म्हणजे माणूस प्रतिमा कशा पाहतो आणि पाहिलेल्याबद्दल काय ठरवतो याचे प्रयोग करणं हे माझं काम आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. सुरुवात तुमच्या दुसऱ्या शंकेपासून करते, कारण वेसल यांच्या कामाचा कणा तिथे आहे. बातम्यांमध्ये मेंदूचे रंगीत फोटो पुढे येतात आणि हा कणा मागे राहतो.

समजा, शंभर माणसांना शंभर चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्राला एक ते सात गुण द्यायला सांगितले. सरासरी काढली की काही चित्रं वर येतात, काही तळाला जातात. यादी पाहून वाटतं, वरची चित्रं 'सुंदर' आणि खालची 'कुरूप'. पण ही सरासरी नेमकी कुणाची आवड असते? निम्म्या लोकांनी सात आणि निम्म्यांनी एक दिला तरी सरासरी चार येते, आणि सगळ्यांनी कंटाळून चार दिला तरी चारच येते. पहिल्या चित्रावर भांडणं होतील, दुसऱ्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. सरासरीच्या आकड्यात हा फरक पूर्ण पुसला जातो. सौंदर्याच्या जुन्या प्रयोगांमधले कितीतरी निष्कर्ष याच सरासरीवर उभे आहेत.

म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा असतो. एका माणसाने दिलेले गुण आणि उरलेल्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी यांचा मेळ किती बसतो? आणि तोच माणूस काही दिवसांनी तीच चित्रं पाहील तेव्हा त्याचा स्वतःशी मेळ किती बसतो? हा दुसरा आकडा हाताशी नसेल तर पहिल्याला अर्थ उरत नाही. दोन माणसांचं जमत नाही याची कारणं दोन असू शकतात: दोघांच्या आवडी खरोखर वेगळ्या आहेत, किंवा दोघांनीही मनाला येईल तसे गुण दिले आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सर्वांत आधी हीच तपासणी करायला लावते, आणि कुठलाही नवा शोधनिबंध हातात आला की हा आकडा दिलाय का ते आधी पाहते.

वेसल आणि नावा रुबिन यांनी 2010 साली हाच प्रश्न दोन प्रकारच्या प्रतिमांवर तपासला. एकीकडे खऱ्या जगातली दृश्यं होती, दुसरीकडे ओळखू येईल असं काहीही नसलेल्या अमूर्त प्रतिमा. खऱ्या दृश्यांच्या बाबतीत वेगवेगळ्या माणसांच्या पसंतीत बराच मेळ होता. अमूर्त प्रतिमांच्या बाबतीत तो जवळपास विस्कटला. महत्त्वाची गोष्ट ही की अमूर्त प्रतिमा पाहतानाही प्रत्येक माणूस स्वतःशी सुसंगत होता. म्हणजे ते गुण अंदाजपंचे दिलेले नव्हते. प्रत्येकाला पक्की आवड होती, फक्त ती दुसऱ्याच्या आवडीसारखी नव्हती.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो उलटा वाटायला हवा होता. सर्वसाधारण समज असा की अर्थ, आठवणी, संस्कृती हे सगळं बाजूला काढलं की मागे उरतात ते शुद्ध आकार आणि रंग, आणि ते पाहणारी यंत्रणा तर सगळ्यांची सारखीच. म्हणजे तिथे एकमत वाढायला हवं. प्रत्यक्षात अर्थ काढून घेतल्यावर एकमतच गेलं. याचा अर्थ, आपल्याला सारखं आवडतं ते बऱ्याच अंशी आपण पाहतोय त्या गोष्टीच्या अर्थामुळे. डोंगरउताराखालचं पाणी, मोकळं आकाश, गर्द झाडी यांचा माणसासाठी असलेला अर्थ बराचसा सामाईक आहे. नागमोडी रेषांच्या एखाद्या जाळीला तसा सामाईक अर्थ नाही, म्हणून प्रत्येक जण तिच्यात स्वतःचं काही घालतो.

पुढे 2018 मध्ये वेसल आणि सहकाऱ्यांनी हाच धागा लांबवला. माणसांचे चेहरे, निसर्गदृश्यं, इमारतींचे बाह्यभाग, खोल्यांचे अंतर्भाग आणि चित्रकलेतल्या कलाकृती असे पाच प्रकार घेतले. चेहरे आणि निसर्ग यांच्या बाबतीत लोकांमधलं एकमत सर्वांत जास्त, वास्तूंच्या बाबतीत त्याहून कमी आणि कलाकृतींच्या बाबतीत सर्वांत कमी. लक्षात घ्या, इथल्या कलाकृती अमूर्त होत्या म्हणून एकमत घटलं असं नाही. चित्रात माणसं, झाडं, घरं ओळखू येत असली तरी फूट पडतेच. वेसल यांचं स्पष्टीकरण असं की चेहरे आणि भूप्रदेश यांच्याबद्दलच्या निवडींचे परिणाम प्रत्येक माणसाला रोजच्या वागण्यात भोगावे लागतात, म्हणून त्यांचं मूल्यमापन सारख्या दिशेने घडत जातं. माणसाने बनवलेल्या वस्तूंना असं बंधन नसतं. मला हे पटतं, मात्र हे निरीक्षणामागचं स्पष्टीकरण आहे, निरीक्षण नव्हे. दोन्हींची खात्री सारख्या तोलाची नसते.

चेहऱ्यांचं एकमत जास्त म्हणजे पूर्ण असंही समजू नका. योहानेस होनेकोप यांनी 2006 साली चेहऱ्यांच्या आकर्षकपणाबद्दलची सामाईक आवड आणि खासगी आवड वेगळी काढून मोजली तेव्हा दोन्हींचा वाटा साधारण निम्मानिम्मा निघाला. मग ही खासगी निम्मी आवड येते कुठून? लॉरा जर्मीन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जुळ्यांचा अभ्यास केला: 547 जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या आणि 214 जोड्या समलिंगी पण वेगळ्या जनुकांच्या जुळ्यांच्या. खासगी आवड जनुकांतून येत असती तर एकसारख्या जुळ्यांची आवड खूप जुळली असती. तसं झालं नाही. फरकाचा मोठा भाग परिस्थितीकडे गेला, आणि तीही कुटुंबाने सामाईक दिलेली परिस्थिती नव्हे, तर ज्याच्या-त्याच्या वाट्याला आलेले अनुभव. एका घरात, एका जनुकसंचासह वाढलेल्या दोघांनाही वेगवेगळे चेहरे आवडू शकतात. चेहरे ओळखण्याची क्षमता मात्र बरीचशी जनुकांवर अवलंबून असते, हे आधीच्या जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं होतं. पाहण्याची ताकद एका वाटेने येते आणि पसंती दुसऱ्या.

आता तुमच्या पहिल्या शंकेकडे, म्हणजे 'जागे'कडे. त्यासाठी आधी पाहणं म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल.

डोळ्यातल्या दृक्पटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू दहा लाखांच्या आसपासच. म्हणजे मेंदूपर्यंत जाण्याआधीच निवड झालेली असते. एकसारखा पसरलेला प्रकाश फारसा कळवला जात नाही, कडा आणि फरक कळवले जातात. बारीक तपशील दिसतो तो नजरेच्या मध्यावरच्या अगदी लहानशा भागात, म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारून नवी जागा धरतात. संपूर्ण चित्र एकाच वेळी स्पष्ट दिसतंय ही भावना मेंदूने जुळवून दिलेली असते.

पुढे मेंदूत ही माहिती ढोबळमानाने दोन वाटांनी जाते. एक वाट वस्तू काय आहे, तिचा रंग आणि चेहरामोहरा कसा आहे हे काढते. दुसरी वाट वस्तू कुठे आहे, हलते आहे का, किती खोलीवर आहे हे काढते, आणि ही दुसरी वाट रंगाला जवळपास आंधळी असते. तिला फक्त उजेडाची कमीजास्त मात्रा कळते. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी या माहितीचा उपयोग करून चित्रांकडे पाहिलं, आणि त्यांचं हे काम मला आजही या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं 1872 सालचं, बंदरावरच्या सूर्योदयाचं 'इम्प्रेशन' हे चित्र घ्या. धुकट निळ्या-करड्या आकाशात नारिंगी सूर्य. पाहत राहिलं की सूर्य जागेवर थरथरतोय, जळतोय असं वाटतं. लिव्हिंग्स्टन यांनी दाखवलं की त्या सूर्याची उजेडाची मात्रा भोवतालच्या आकाशाइतकीच आहे. चित्राची छटाविरहित, म्हणजे निव्वळ काळी-पांढरी प्रत काढली की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. रंग ओळखणाऱ्या वाटेला नारिंगी गोल लख्ख दिसतो, पण 'कुठे' ठरवणाऱ्या वाटेला तो सापडतच नाही. एक वाट सांगते आहे, दुसरी सांगत नाही, आणि त्या अर्धवट स्थितीत सूर्याची जागा पक्की होत नाही. ती थरथर तिथून येते. हा प्रयोग तुम्ही स्वतः करू शकता: चित्राची चांगली प्रत फोनवर उघडा आणि रंगांची तीव्रता शून्यावर आणा.

मोनालिसाच्या हसण्याचंही असंच. त्या हसण्याचा मोठा भाग ढोबळ छायेत आहे, बारीक रेषेत नाही. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं की तोंड नजरेच्या कडेला येतं, कडेच्या नजरेला ढोबळ छाया जास्त नीट कळते, आणि ती हसताना दिसते. थेट ओठांवर नजर रोवली की नजरेचा मध्य बारीक तपशील घेतो आणि हसू ओसरतं. लिव्हिंग्स्टन यांनी हे 2000 साली मांडलं.

इतकं सविस्तर सांगितलं कारण या शोधांनी काय कळतं आणि काय कळत नाही याची सीमा इथे फार स्वच्छ दिसते. सूर्य का थरथरतो ते कळलं. तो थरथरणारा सूर्य तुम्हाला आवडतो आणि तुमच्या मैत्रिणीला आवडत नाही, याबद्दल अजून काहीच कळलं नाही. थरथर दोघींनाही दिसते. पाहण्याची यंत्रणा सामाईक असूनही पसंती फुटते, म्हणजे पसंतीचा निकाल यापुढे कुठेतरी लागतो.

त्या 'पुढच्या' टप्प्याचा शोध 2004 मध्ये जोरात सुरू झाला. लंडनमध्ये हिदेआकी कावाबाता आणि सेमीर झेकी यांनी दहा जणांना आधी भरपूर चित्रं दाखवून प्रत्येकाकडून त्याच्या मते सुंदर, मध्यम आणि कुरूप अशी वर्गवारी करून घेतली, मग तीच चित्रं एफएमआरआय या मेंदूतली हालचाल मोजणाऱ्या यंत्रात दाखवली. 'सुंदर' म्हटलेली चित्रं पाहताना डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या मेंदूच्या पुढच्या भागाच्या आतल्या बाजूला, म्हणजे ऑर्बिटोफ्रंटल भागात, हालचाल वाढली. 2011 मध्ये तोमोहिरो इशिझु आणि झेकी यांनी दाखवलं की सुंदर वाटलेलं संगीत ऐकतानाही याच भागात हालचाल वाढते. इथूनच 'सौंदर्याचं केंद्र सापडलं' अशा बातम्या निघाल्या.

मी ती भाषा वापरत नाही, आणि कारण सांगते. चवदार अन्न, मिळालेले पैसे, हवासा स्पर्श यांनीही हा भाग सक्रिय होतो. तो सौंदर्य ओळखत नाही. समोरच्या गोष्टीचं आपल्याला किती मोल आहे याचा हिशेब त्यात होतो. शिवाय यंत्राबद्दलही एक गोष्ट माहीत असायला हवी. एफएमआरआय चेतापेशींचे संदेश ऐकत नाही. ते रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतं, तो बदल शिखराला पोचायला पाचसहा सेकंद लागतात, आणि ज्या घनाकार ठिपक्याचा आकडा मिळतो त्यात लाखो चेतापेशी असतात. 'अमुक भाग उजळला, म्हणून माणसाला अमुक वाटत होतं' असा उलटा प्रवास यातून करता येत नाही, कारण एकच भाग अनेक कामांत उजळतो. मेंदूविज्ञानातल्या चुकीच्या बातम्यांपैकी बहुसंख्य बातम्या या एकाच उलट्या उडीतून जन्मतात.

वेसल यांचं 2012 चं काम या सगळ्यापेक्षा वेगळं आहे ते त्यांनी विचारलेल्या प्रश्नामुळे. गॅब्रिएल स्टार आणि नावा रुबिन यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 16 जणांना 109 कलाकृती दाखवल्या. चित्रं वेगवेगळ्या काळांतली आणि परंपरांतली होती, पण सहसा न पाहिलेली, कारण प्रसिद्ध चित्रासोबत त्याची कीर्तीही येते. 'हे किती सुंदर आहे' एवढंच न विचारता 'हे तुम्हाला किती हलवून सोडतं' हे एक ते चार गुणांत द्यायला सांगितलं. विचित्र, अस्वस्थ करणारं चित्रही चार मिळवू शकत होतं. आणि अपेक्षेप्रमाणे माणसामाणसांत एकमत फारच थोडं निघालं. एकाचं चार ते दुसऱ्याचं एक.

यातच प्रयोगाची ताकद आहे. चारचा गुण मिळालेली चित्रं प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे, सगळ्यांच्या 'चार'मध्ये मेंदूत जे सामाईक दिसेल ते कुठल्याही एका चित्राच्या रंगामुळे किंवा विषयामुळे आलेलं असू शकत नाही. ते हलून जाण्याच्या अनुभवाचंच असणार.

दिसलं ते असं. दृष्टीशी संबंधित भागांत आणि मेंदूच्या खोलवरच्या, बक्षिसाला प्रतिसाद देणाऱ्या स्ट्रायटममध्ये हालचाल गुणांबरोबर पायरीपायरीने वाढत गेली: एकपेक्षा दोनला जास्त, दोनपेक्षा तीनला जास्त. पण 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हटल्या जाणाऱ्या जाळ्यात असा चढ नव्हता. मार्कस रेकल यांच्या गटाने 2001 मध्ये वर्णन केलेलं हे जाळं आपण बाहेरच्या कामात गुंतलो की सहसा मंदावतं, आणि स्वतःबद्दल विचार करताना, आठवताना, पुढचं मनात रंगवताना वर येतं. एक, दोन आणि तीन गुणांच्या चित्रांना ते नेहमीप्रमाणे दबलेलंच राहिलं. चारच्या चित्रांना मात्र त्यातल्या मुख्य भागांवरचा तो दाब उठला. तीन आणि चार यांच्यामध्ये उडी होती.

डोळे बाहेरच्या वस्तूवर खिळलेले असताना, एरवी आत वळणारं जाळं गप्प बसत नाही, हे फार वेगळं आहे. बरं वाटणं आणि भिडणं या एकाच पट्टीवरच्या कमीजास्त खुणा नसाव्यात, भिडताना चित्राचा संबंध 'मी'शी जोडला जात असावा, असा याचा अर्थ वेसल आणि सहकारी लावतात. उडी हे निरीक्षण आहे आणि 'मी'शी नातं हे अनुमान. आत्ताच मी उलट्या उडीबद्दल बोलले, तेव्हा तो नियम इथेही लावायला हवा: हे जाळं आठवणींत, कल्पनेत, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्यातही वर येतं, म्हणून ते उठलं याचा अर्थ त्या क्षणी माणूस स्वतःबद्दलच विचार करत होता असं सिद्ध होत नाही. तरी हे अनुमान हवेतलं नाही, कारण त्याला 2019 मध्ये आणखी आधार मिळाला. त्या वर्षीच्या अभ्यासात कलाकृती, निसर्गदृश्यं आणि वास्तू असे तीन प्रकार दाखवले होते. फार आवडलेल्या आणि न आवडलेल्या प्रतिमांमधला फरक या जाळ्यातल्या हालचालीच्या नक्षीवरून ओळखता आला, आणि एका प्रकारावर शिकवलेला संगणक दुसऱ्या प्रकारावरही तो ओळखू शकला. दृष्टीच्या भागांतली नक्षी अशी प्रकारांच्या सीमा ओलांडून चालली नाही. म्हणजे दृष्टीच्या भागात आवडलेली इमारत ही इमारतच राहते आणि आवडलेलं चित्र हे चित्रच. पुढे कुठेतरी ही दोन्ही 'आवडलेलं' म्हणून एकत्र येतात.

तर 'जागा' एक नाही. पाहण्याचे भाग, मोल ठरवणारे भाग, आणि अर्थ व स्वतःशी संबंध लावणारं जाळं यांच्या एकत्र चालण्यातून तो अनुभव घडतो. अंजन चटर्जी आणि ओशिन वार्तानियन यांनी 2014 मध्ये संवेदना, भावना-मोल आणि अर्थ-ज्ञान अशी जी तिहेरी मांडणी केली, ती आजही या क्षेत्रात कामाला येते.

अर्थ आणि ज्ञान किती खोलवर पोचतं याचं एक उदाहरण देते. उल्रिक कर्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लोकांना अमूर्त प्रतिमा दाखवल्या. काहींबद्दल सांगितलं की या कलादालनातल्या आहेत, काहींबद्दल सांगितलं की या संगणकाने तयार केल्या आहेत. कलादालनाचं लेबल असलेल्या प्रतिमांना जास्त गुण मिळाले. आता म्हणाल, लोक भीड पडून गुण वाढवत असतील. पण त्याच वेळी ऑर्बिटोफ्रंटल भागातली हालचालही लेबलप्रमाणे बदलली. म्हणजे बोलण्यातच नव्हे, मोल ठरण्याच्या टप्प्यावरच फरक पडला असावा. रंगरेषा त्याच, माहिती वेगळी, अनुभव वेगळा.

नवेपणाचं काय, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. अर्विंग बीडरमन आणि वेसल यांनी 2006 मध्ये एक कल्पना मांडली. माकडांच्या मेंदूत दिसलं होतं की दृष्टीच्या सुरुवातीच्या भागांपासून पुढे, वस्तू आणि दृश्यं ओळखणाऱ्या भागांकडे जावं तसे सुखाशी संबंधित म्यू-ओपिऑइड ग्राहक, म्हणजे सुख देणारी रसायनं पकडणाऱ्या पेशींवरच्या जागा, वाढत जातात. म्हणून ज्या प्रतिमा त्या पुढच्या भागांना जास्त खाद्य देतात, म्हणजे ज्यांत अर्थाची समृद्धी असते, त्या जास्त सुख देतात. आणि तीच प्रतिमा पुन्हापुन्हा पाहिली की प्रतिसाद ओसरतो, म्हणून नजर नवं शोधत राहते. कल्पना सुंदर आहे, आणि माणसं माहितीच्या मागे का धावतात याचं उत्तर देते, पण माणसात ती थेट तपासणं कठीण आहे आणि मी तिला पक्कं ज्ञान मानत नाही. शिवाय तिच्याविरुद्ध दिशेचा पुरावाही मजबूत आहे: रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. दोन्ही खरं कसं? मला वाटतं, समोर काय आहे त्यावर ते ठरतं. 2013 च्या एका प्रयोगात एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले ब्रिटिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले आणि गोडगोड, घाऊक विकल्या जाणाऱ्या चित्रांसाठी ओळखले जाणारे अमेरिकी चित्रकार थॉमस किंकेड यांची चित्रं पुन्हापुन्हा दाखवली, तेव्हा किंकेड यांच्या चित्रांची आवड वाढण्याऐवजी घटली. ओळख वाढल्याने आवड वाढते ती चित्रात सापडण्यासारखं काही शिल्लक असेल तेव्हा.

सुवर्ण गुणोत्तराबद्दल (लांबी रुंदीच्या साधारण 1.618 पट) थोडक्यात. गुस्ताव फेख्नर यांनी 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा आयतांपैकी सुवर्ण गुणोत्तराचा आयत सुमारे 35 टक्के लोकांनी निवडला होता, आणि तेव्हापासून ही गोष्ट सांगितली जाते. पण नंतरच्या प्रयोगांत निकाल कधी जुळले, कधी नाही, आणि व्यक्तीव्यक्तीतला फरक तिथेही मोठाच निघाला. त्यावर चित्राची किंवा संकेतस्थळाची मांडणी बेतू नका.

आता संगणक. अमेरिकेतल्या केल्टेक या विज्ञानसंस्थेत कियोहितो इगाया, जॉन ओडोहर्टी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं की चित्राची साधी वैशिष्ट्यं (रंग, उजेड, कडा) आणि वरच्या पातळीवरची वैशिष्ट्यं (चित्र किती अमूर्त आहे, किती गतिमान वाटतं) यांना वजनं देऊन माणसांच्या पसंतीचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, आणि प्रतिमा ओळखायला शिकलेल्या संगणकीय जाळ्यांतही ही वैशिष्ट्यं आपोआप उगवलेली दिसतात. काम उत्तम आहे. पण 'अंदाज बांधता येतो' हे वाचताना विचारायचं: कुणाचा? अनेकांच्या सरासरीचा अंदाज बांधणं सोपं असतं, विशेषतः निसर्गदृश्यांसारख्या विषयात, कारण तिथे सामाईक भाग मोठा आहे. एका माणसाला अनोळखी कलाकृती भिडेल का, हे सांगण्यासाठी त्या माणसाचीच भरपूर उत्तरं लागतात, आणि तरीही तो माणूस स्वतःशी जितका जुळतो त्याच्या फार पुढे कुठलाही अंदाज जाऊ शकत नाही. 'आमचं यंत्र कुठल्याही प्रतिमेला सौंदर्याचा गुण देतं' असा दावा कुणी विकायला आलं तर विचारा की त्यात चेहरे आणि निसर्ग किती, आणि एकमत मोजलंय की नुसती सरासरी.

ही खासगी आवड क्षणिक असते असं मात्र समजू नका. अँड्रिया हॅल्पर्न आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अल्झायमर झालेल्या माणसांना चित्रांची पोस्टकार्डं आवडीच्या क्रमाने लावायला सांगितली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लावायला सांगितली. आपण ही चित्रं आधी पाहिली होती हे त्यांना आठवत नव्हतं. तरी त्यांचा क्रम निरोगी माणसांच्या क्रमाइतकाच स्थिर राहिला. पसंती त्या विशिष्ट भेटीच्या आठवणीवर उभी नव्हती. माझ्या मते, आवडीला लहर म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांना द्यायला याहून चांगला पुरावा नाही.

तुमची स्वतःची आवड किती खासगी आहे हे पाहायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. न पाहिलेल्या, अनोळखी चित्रकारांच्या तीसचाळीस कलाकृती आणि तितकीच निसर्गदृश्यं निवडा. चित्रांची नावं, वर्षं, चित्रकार झाकून टाका. प्रत्येक प्रतिमा सारखाच वेळ, सहासात सेकंद, एकाच पडद्यावर पाहा आणि ती किती भिडते याचे एक ते चार गुण लिहा. मैत्रिणीलाही वेगळं बसवून तेच करायला सांगा. आपसात बोलू नका, गुण पुन्हा वाचू नका, आणि दोन आठवड्यांनी क्रम बदलून दोघी पुन्हा गुण द्या. मग आधी स्वतःची पहिली आणि दुसरी फेरी ताडून पाहा, आणि त्यानंतरच एकमेकींचे गुण. निसर्गदृश्यांत तुमचं बरंच जुळेल आणि कलाकृतींत फारसं जुळणार नाही, असा माझा अंदाज आहे. कलाकृतींत तुमचं स्वतःशीही जुळलं नाही, तर 'आपल्या आवडी वेगळ्या आहेत' असं म्हणायची घाई करू नका. आधी जास्त चित्रं घ्या, मधली विश्रांती वाढवा आणि पुन्हा करून पाहा.